मार्टचा चहा, कंपनीचा डबा

मार्टमध्ये शिरले की मी आधी खाली वाकते. गुडघे कुरकुरतात, तरी वाकते. डोळ्यांच्या उंचीवर सगळा कंपनीचा माल मांडलेला असतो, जाहिरातीतला, चकचकीत. मार्टवाल्यांचा स्वतःच्या नावाचा माल पायाशी, सगळ्यात खालच्या फळीवर. पांढऱ्या पिशव्या, त्यांवर एक हिरवी पट्टी, चित्र नाही की बित्र नाही. मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळे आखते. पंचवीस वर्षं झाली. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती, एकीचे डोळे घाईत आखलेले, दुसरीचे निवांत. त्यांच्या किमतीत किती फरक पडतो ते मला विचारा. तेव्हा माणसाच्या नजरेसमोर काय ठेवायचं आणि का, हे मला मार्टवाल्यांनी शिकवायला नको.

आता भाद्रपद उतरणीला लागलाय. गणपती गेले, कारखान्यात एकदम जागा झालीय. फळ्या रिकाम्या, खाली रंगाचे ठिपके, कोपऱ्यात हात तुटलेले दोन-तीन गणपती, ज्यांना कोणी नेलं नाही. पाऊस दमलाय. पडतो तो तासभर, मग ऊन असं चटकतं की ओल्या भिंतींतून वाफ निघते. गावाकडे भातं पोटरीला आली असतील. याच दिवसांत माझ्या तोंडाला कडू येतं. डॉक्टर म्हणतात पित्त. असेल बापडं पित्त.

आमचे हे रोह्याच्या अलीकडे एका पॅकिंगच्या युनिटमध्ये होते. हळद, तिखट, बेसन, पोहे, असलं काय काय तिथे पोत्यांनी यायचं आणि पिशव्यांतून जायचं. यांची पिशव्या भरायच्या सरकत्या पट्ट्यावर ड्युटी. सकाळची शिफ्ट असली की पहिल्या एसटीने जायचे आणि दुपारी परत यायचे ते कानांच्या मागे पिवळे होऊन. हळदीचा दिवस असला की घरात शिरायच्या आधी मी यांना मोरीत ढकलायची. “नवरदेव आले,” असं शेजारची ओरडायची. हे हसायचे.

त्या पट्ट्याची गंमत यांनीच मला सांगितली. “अगो, माल एकच. सकाळी एका कंपनीच्या पिशव्या लावायच्या, जेवणाची सुट्टी झाली की दुसऱ्या कंपनीच्या, आणि तीननंतर मार्टच्या. खाली हळद तीच पडत असते. तिला काय ठाऊक, आपण कुणाच्या पिशवीत चाललोय!” पेणला मार्ट उघडलं तेव्हा हे मला हाताला धरून घेऊन गेले, लग्नातसुद्धा एवढ्या हौसेने कुठे नेलं नव्हतं. पाकीट उचलायचं की उलटं करायचं. “तोंड नको वाचू, पाठ वाच,” म्हणायचे. पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुठे भरलं, कधी भरलं, आत काय काय घातलंय आणि शंभर ग्रॅमला किती पडतं. पत्ता एकच निघाला की मला कोपराने ढोसायचे. बायका वळून बघायच्या. मला लाज वाटायची आणि मजाही वाटायची.

मग यांच्या पायांवर सूज आली. दोन्ही किडन्या थकल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. युनिटमधून हे कायमचे घरी आले. पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाहीच, डाळ कमी, फळं विचारून. चहा दिवसाला दोन अर्धे कप. एवढंच एक सुख डॉक्टरांनी यांच्याकडे राहू दिलं होतं. निघताना डॉक्टर म्हणाले होते, “तोंडाची चव बदलली, पितळ चाटल्यासारखं लागायला लागलं, तर अंगावर काढू नका, लगेच या. मग मशीनचं बघावं लागेल.” मशीन म्हणजे डायलिसिस, आठवड्यातून दोन-तीनदा पनवेलच्या वाऱ्या. हे ऐकताना मी यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. हे मुद्दाम लिहून ठेवते. मी ऐकलं होतं.

सहा वर्षांपूर्वीचा तो आषाढ. कारखान्यात कामाला उसंत नव्हती. पावसाने मूर्ती वाळेनात, पंखे आणि मोठमोठे दिवे लावून वाळवायच्या. मी दिवसभर डोळे आखायची, आणि येताना मार्टात शिरायची. औषधांचा खर्च थांबवता येत नव्हता, म्हणून मी घरातल्या बाकी सगळ्याच्या पाठी वाचायला लागले. एक गोष्ट कंपनीची, तीच मार्टची, दोन्हींची लहान पाकिटं. घरी आल्यावर खेळ. यांना खाटेवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे, आणि दोन वाट्या पुढे.

“सांगा बघू, कुठलं कुठलं?”

“हे मार्टचं.”

“चूक!”

“मग तू काय तरी चलाखी केलीस.”

पोहे, साखर, बेसन, मुगाची डाळ यांत हे सपशेल हरले. मीही हरले असते. भांडी घासायच्या साबणात मार्टवाले हरले, वडी दोन दिवसांत लगदा. पापड आणून बघितले तर हे म्हणाले, “पेणात राहून पिशवीतले पापड आणलेस? शेजारणीला कळू देऊ नको.” हसून हसून मला ठसका लागला. आजाराच्या घरात एवढं हसतात काय, असं कोणाला वाटलं असतं. पण खरं सांगते, त्या दोन महिन्यांत आम्ही जेवढे हसलो तेवढे आधीच्या बावीस वर्षांत हसलो नसू. जिंकलेली गोष्ट बरणीत जायची, आणि तिचा कंपनीचा भाऊ घरातून कायमचा बाद.

फक्त चहाला हे हात लावू देईनात. पिवळ्या झाकणाचा कंपनीचा डबा, तोच, वर्षानुवर्षं. “चहाचं तसं नाय गो,” म्हणायचे. “हळद म्हणजे हळद. चहा मिसळतात. दहा मळ्यांची पत्ती एकत्र करायला माणूस बसवलेला असतो, आणि त्या माणसाची जीभ कुणाला विकत मिळत नाय.” मी म्हटलं, लागली पैज. हे म्हणाले, पैज नाय नि काय नाय, दोन अर्धे कप उरलेत माझे, त्यात खेळ नको. बरोबर होतं त्यांचं. पण माझा स्वभाव! कोणी नको म्हटलं की मला ते हवंच असतं. लहानपणापासून खोड.

श्रावणात कारखान्याचे पैसे अडकले. मूर्ती गेल्याशिवाय मालकाच्याही हातात काही येत नाही, दर वर्षीचंच ते. त्यात यांच्या रक्ताच्या तपासण्या. मार्टात पायाशी हिरव्या पट्टीचा चहा होता. अर्ध्या किलोमागे दवाखान्याला जायच्या एका रिक्षाचं भाडं सुटत होतं. मी तो आणला, आणि पिवळ्या झाकणाच्या डब्यात ओतला. रिकामी पिशवी चुलीत घालून जाळली. एवढी हुशारी!

पहिला घोट घेऊन हे थांबले. कपात बघितलं. परत एक घोट घेतला.

“चहा बदललास काय गो?”

“काय तरीच तुमचं! डबा बघा की समोर.”

यांनी ओट्यावरच्या डब्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “व्हय. तोच हाय.”

मी पाठ फिरवून पदर तोंडात कोंबला. कधी एकदा हसते असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी हे सगळं नकलेसकट सांगितलं. हातातले कुंचले खाली ठेवून बायका हसल्या. “शोभाताई, बाप्यांना काय कळतंय,” एक म्हणाली. महिनाभराने सांगायचं आणि यांची फजिती करायची, असं मी ठरवलं होतं. मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

हे त्यानंतर अर्ध्या कपातलाही अर्धा ठेवायला लागले. मला वाटलं, शहाणे झाले, पाणी कमी पितायत. सकाळी जीभ खरवडायचे ते किती वेळ. लवंग मागायचे. साखरेचे दोन दाणे जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचे, एकटेच, खेळ नसताना. एकदा मी आमसुलाचं सार केलं तर वाटी हातात धरून विचारलं, “आंबट झालंय ना गो?”

“सार आंबटच असतं. त्यात विचारायचं काय?”

“नाय, म्हटलं, तुला पण आंबट लागतंय ना.”

“लागतंय हो लागतंय! कामाला जाऊ द्या मला.”

मूर्तीचा दुसरा डोळा आखायचा राहिला असला की मला रात्री झोप येत नाही, आणि माझ्या समोर हा माणूस वाटी घेऊन बसला होता, त्याच्या डोळ्यांत मी बघितलं नाही. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “चव कशी आहे तोंडाला?” हे म्हणाले, “झकास.” मीही शेजारून मान हलवली.

गणपती आले. घरी दीड दिवसाचा. मग गौरी आल्या, गेल्या. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून बसले होते, छातीत दुखतंय म्हणाले, आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. निघताना चहाचा कप ओट्यावर तसाच होता, वर साय धरलेली. मी परत आले तेव्हा तो कोणीतरी विसळून उपडा घातला होता.

दहाव्याला मंदा, म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण, रोह्याची, माझ्याजवळ येऊन बसली. दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “वयनी, मी पापी हाय.” मला काही कळेना. मग तिने सांगितलं. श्रावणात एकदा हे तिच्याकडे गेले होते. तिथे तिला म्हणाले, “मंदे, माझी जीभ गेली. चहा ही माझी तपासणी होती गो. तो चहासारखा लागतोय तोवर मी ठीक, असं धरून चाललो होतो. आता नाय लागत. शोभाला विचारलं, ती म्हणते डबा तोच हाय. म्हणजे बिघाड माझ्यातच.” मंदाने म्हटलं, डॉक्टरला सांग. तर म्हणाले, “सांगितलं की मशीनला लावतील. मग ती बाई डोळे आखून आखून आंधळी होईल. गणपती होऊ दे, तिचा सीझन होऊ दे, मग बघू.” आणि मंदाला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

“मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं,” मंदा म्हणत होती. “दवाखान्यात नेलं असतंस. माझ्या गप्प बसण्याने माझा दादा गेला.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.  समोर फडताळात पिवळ्या झाकणाचा डबा होता.

पंधरा दिवसांनी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. शेवटचे रिपोर्ट पुढे ठेवले आणि विचारलं, यांची चव गेली असेल का हो? त्यांनी कागद उलटेपालटे केले. “एवढ्यात जायला नको होती,” म्हणाले. “किडन्या होत्या तशाच होत्या. हृदयाचं वेगळं.” मी विचारलं, चहाने काही झालं असेल? ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, “चहाने कोणी मरत नाही, बाई. घरी जा, आराम करा.”

चहाने कोणी मरत नाही. हे मला कळतं. मी काही वेडी नाही. पण शेवटचे पंचवीस दिवस हा माणूस रोज सकाळी एक घोट घ्यायचा आणि आपलं मरण किती जवळ आलंय ते बघायचा. एकटाच बघायचा, मला काळजी नको म्हणून. आणि मी पाठ फिरवून, पदर तोंडात कोंबून हसत होते. यांना जी भीती नव्हती ती मी विकत आणली, अर्ध्या किलोच्या पिशवीत, आणि वाचवलं काय तर एक रिक्षा.

त्या मोसमानंतर मी चहा सोडला नाही. सोडला असता तर लोकांनी विचारलं असतं. मार्टचाच पिते. एकदा हट्टाने कंपनीचा आणला, दोन कप केले, डोळे मिटले, उजव्या-डाव्याचा घोळ होईपर्यंत कप फिरवले. मला फरक कळत नाही. आजही कळत नाही. यांना पहिल्या घोटाला कळला होता. दहा मळ्यांची पत्ती ओळखणारी जीभ यांच्या तोंडात होती, किडनीच्या आजारातही शाबूत होती, आणि मी तिला खोटं पाडलं.

मंदा दर वर्षी पितृपंधरवड्यात यांच्या तिथीला येते. रोह्याहून सकाळच्या गाडीने, डोक्यावर पिशवी, पिशवीत घरच्या शेतातले, मोड काढलेले वाल. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा पान आम्ही दोघीच ठेवतो, मागच्या दगडी गडग्यावर. वालाचं बिरडं, वडे, भात, आणि बाजूला कपात चहा. चहा कंपनीचा. तेवढ्यासाठी मी त्याचं लहान पाकीट आणते. आणि दर वर्षी पान ठेवून झालं की मंदा पदर डोळ्यांना लावते, “मी बोलले असते तर,” आणि दर वर्षी मी म्हणते, “जाऊ दे गो, तुझा काय दोष.” यात खोटं काही नाही. पण अर्धंच असतं. सहा वर्षं मी तिला ते ओझं वाहू दिलं, कारण तिने ते खाली ठेवलं असतं तर उचलायला मीच होते.

यंदा मंदा आली ती आज सकाळी. पाऊस नव्हता. पिशवीतून वाल निघाले, तांदूळ निघाले, आणि सगळ्यात शेवटी हिरव्या पट्टीची पांढरी पिशवी निघाली. रोह्यालाही आता तेच मार्ट झालंय.

“दादाच्या चहाला आणला,” ती म्हणाली. “उगाच कंपनीला पैसे कशाला द्यायचे? सगळं सारखंच असतं, तूच शिकवलंस मला.”

“तो नको.”

“का गो?”

“नको म्हटलं ना मंदा. त्यांच्या पानावर तो नको.”

माझा आवाज चढला होता. ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. वय झालंय तिचं. भावाचंच नाक, भावाच्याच जाड भुवया. ती भुवई वर करून माझ्याकडे बघत होती, आणि पंचवीस दिवस समोर असलेल्या ज्या डोळ्यांकडे मी बघितलं नव्हतं, ते मला तिच्यात दिसले. मी चुलीपाशी खाली बसले. आणि सांगितलं. पिशवी, डबा, जाळलेलं प्लास्टिक, कारखान्यातलं हसणं, सगळं. डॉक्टर काय म्हणाले तेही. थांबले असते तर परत बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही.

मंदा रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर तडक पिशवी उचलून जाईल. गेली असती तर मी तिला थांबवलं नसतं. ती पाटावर बसली. वालाच्या परातीत हात घालून उगाच दाणे चाळत राहिली.

“म्हणजे दादाची जीभ चांगली होती?”

“चांगली होती.”

“आणि मी बोलले असते तरी...”

“तुझ्या बोलण्याने काही अडलं नव्हतं. मी बोलायला हवं होतं.”

तिने एकदा खोल श्वास घेतला. मग उठली, हिरव्या पट्टीची पिशवी दाताने फाडली आणि त्याच चहाचं आधण ठेवलं. मी बघत राहिले. उकळी आली, दूध घातलं, गाळला. कप माझ्या हातात दिला. बोटांना चटका बसत होता.

“मला काय सांगतेस,” ती म्हणाली. “त्याला सांग. तो थांबलाय.”

मी मागच्या दारी गेले. गडग्यावर केळीचं पान मांडून ठेवलेलं होतं, वाढायचं अजून बाकी होतं. कप पानाशेजारी ठेवला. कोणी ऐकेल म्हणून लाज वाटली, पण मोठ्याने म्हटलं.

“अहो, चहा बदलला होता. डबा तोच होता, चहा बदलला होता. तुम्हाला बरोबर कळलं होतं.”